वेगळी चूल

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. माझ्या लेखी तो अभिलेख कक्ष, बायकोच्या लेखी भंगार. जिल्ह्याच्या एका कचेरीत आवक-जावक विभागात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वस्तू टाकवत नाही, हा स्वभावदोष नव्हे, प्रशिक्षण आहे. कचेरीत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. अ वर्गाचा कागद कायम जतन करायचा, ड वर्गाचा वर्षभरानं नष्ट करायचा. ट्रंकेतली प्रत्येक वस्तू मी अ वर्गात घातलेली आहे. निवृत्त झाल्यापासून घरात दिवसभर बसलेल्या मला हिनं कुठल्या वर्गात घातलंय, ते मी विचारलेलं नाही.

तर या ट्रंकेत, टेपरेकॉर्डरची वायर आणि एका दिवंगत मिक्सरचं झाकण यांच्या मध्ये, आमचा जुना मोडेम झोपला होता.

तो आला २०११ साली, मुलगा बारावीत असताना. काळी चपटी पेटी, एक शेंडी आणि पुढे दिव्यांची रांग. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून यायचं. एकाच तारेत माणसांचं बोलणं आणि इंटरनेट असं दोन्ही नांदायचं. बोलणं खालच्या पट्टीत, साधारण चार हजार कंपनांच्या आत. इंटरनेट त्याच्या कितीतरी वर, पंचवीस हजारांच्या पुढे. दोघं एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून मध्ये स्प्लिटर नावाची पांढरी डबी बसवायची. ती बसवायची राहिली की फोनवर मावशीच्या आवाजामागे पापड तळल्यासारखा आवाज यायचा. मावशीला वाटायचं, आम्ही तिच्याशी बोलता बोलता खरंच पापड तळतोय.

या तांब्याच्या करामतीमागे जोसेफ लेचलायडर नावाचा अमेरिकी अभियंता होता. बेलकोर या संशोधन संस्थेत काम करताना १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या लक्षात आलं, की दोन्ही दिशांना सारखाच वेग देण्याचा हट्ट सोडला आणि येणाऱ्या बाजूला जास्त, जाणाऱ्या बाजूला कमी असं वाटप केलं, तर शेजारशेजारच्या तारांची एकमेकींत होणारी लुडबुड कमी होते आणि तीच जुनी तार कितीतरी जास्त माल वाहते. ऐकायचं भरपूर, बोलायचं बेतानं. संसारात हे तत्त्व मलाही सापडलं होतं, पण मी पेटंट घेतलं नाही.

वेग म्हणाल तर २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणावं, असं ठरलं होतं. आज आमच्याकडे शंभर एमबीपीएसची फायबर आहे, म्हणजे त्याच्या जवळजवळ चारशेपट. पण त्या काळी आम्ही स्वतःला श्रीमंत समजत होतो. आमच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ कितीही डाउनलोड करा, मोजणी नाही, अशी सोय होती. मुलगा दोनचा गजर लावायचा. बारावीचा मुलगा पहाटे दोनला उठतो, हे ऐकून पाहुणे त्याच्याकडे आदरानं पाहायचे आणि आम्ही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

पाऊस आला की मात्र मोडेमचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागायचा. साताऱ्याचा पाऊस आणि रस्त्याकडेच्या खांबावरचा तांब्याचा सांधा यांचं काय नातं होतं कोण जाणे, पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते दोघं एकत्र यायचे आणि आमचा संपर्क तुटायचा. दिवा स्थिर हिरवा झाला की ही देवाला साखर ठेवायची. पुढे फायबर आली. जोडणीसाठी आलेल्या पोरानं भिंतीवर नवी पांढरी पेटी ठोकली, तांब्याची तार गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, हा मोडेम आता काही कामाचा नाही. टाकून द्या."

काही कामाचा नाही! मला निरोप समारंभ आठवला. माझा. नारळ, शाल, साहेबांचं भाषण, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दुसऱ्याची पाण्याची बाटली. मी मोडेम पुसला, आणि ट्रंकेत ठेवला.

*

यंदा गणपतीला मुलगा आणि सून दहा दिवस राहायला येणार, असं ठरलं. अट एकच होती, दोघांनाही माडीवर बसून काम करता आलं पाहिजे. म्हणजे माडीवर वायफाय पाहिजे. आणि आमचं घर आजोबांनी बांधलेलं. दगडमातीच्या दोन फुटी भिंती, माडीची जमीन म्हणजे सागवानी फळ्या आणि त्यावर वीतभर माती. आजोबांनी बांधताना ऊन, पाऊस, चोर आणि भाऊबंद यांचा विचार केला होता. वायफायचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता. खालच्या ओटीवरच्या फायबरच्या पेटीचे तरंग जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत येतात. सहाव्या पायरीवर फोन धरला की एक काडी. माडीवर काडीसुद्धा नाही.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मेश घ्या. तीन डब्यांचा संच मिळतो." किंमत सांगितली. मी दोन मिनिटं शांत राहिलो. त्याला वाटलं, फोन कट झाला.

"आपला जुना मोडेम आहे की," मी म्हणालो.

"बाबा, तो डीएसएल मोडेम आहे. फायबरवर नाही चालत."

इथं मला माझं पहिलं ज्ञान प्राप्त झालं, तेही मुलाकडून, आणि त्याला घाई असताना. ज्याला आपण मोडेम म्हणत होतो, त्या एका पेटीत खरं तर दोन माणसं राहत होती. एक मोडेम, म्हणजे मॉड्युलेटर-डिमॉड्युलेटर. बाहेरच्या तारेवरची बोली घरच्या बोलीत आणणारा आणि घरची बाहेरच्या बोलीत नेणारा दुभाषा. दुसरा राउटर. तो घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला, टीव्हीला एकेक क्रमांक देतो आणि आलेला माल ज्याचा त्याला पोचवतो. तांब्याची तार गेली तसा दुभाषा बेकार झाला. पण राउटर? त्याला काय धाड भरली होती?

म्हणजे राउटर हा शुद्ध आवक-जावक कारकून होता. मी पस्तीस वर्षं तेच केलं होतं. पत्र आलं, आवक क्रमांक टाकला, नोंदवहीत लिहिलं, शिपायाकडून योग्य टेबलावर पाठवलं. उत्तर निघालं, जावक क्रमांक टाकला, बाहेर रवाना. बाहेरच्या जगाला आमच्या टेबलांची नावं माहीत नसायची. त्यांच्या लेखी सगळी पत्रं 'या कार्यालयाकडून' जायची. घरातले दहा फोन इंटरनेटवर जातात तेव्हा बाहेरच्याला तसाच एकच पत्ता दिसतो. आत कुणाचं काय होतं, ते राउटरच्या वहीत. मला त्या काळ्या पेटीबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

ट्रंक खाली काढली. ही कमरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"अहो, गौरी-गणपतीची साफसफाई चाललीय. आहे ते बाहेर फेकायचं सोडून तुम्ही आत आणताय."

"आत नाही, वर नेतोय."

*

मोडेम सापडला, पण त्याचा अडॅप्टर सापडेना. ट्रंकेत अकरा अडॅप्टर निघाले. त्यांतल्या आठांची मूळ उपकरणं कधीच कैलासवासी झाली होती, पण त्यांच्या विधवा अजून नांदत होत्या. मोडेमच्या पाठीवर लिहिलं होतं, १२ व्होल्ट, १ अँपिअर. आता अडॅप्टर जुळवायचे नियम असे. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नकोत. आणि गोल टोकाच्या चित्रात मधल्या ठिपक्याला अधिक आहे की उणे, तेही जुळलं पाहिजे. मी भिंग घेऊन एकेकाच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचत होतो. ही चहा घेऊन आली.

"पत्रिका जुळवताय का?"

"जवळपास तेच."

पाच व्होल्टवाला नऊ गुणी, नऊ व्होल्टवाल्याला नाडीदोष. शेवटी बारा व्होल्ट, दीड अँपिअर, मध्ये अधिक असा एक मुलगा निघाला. घराणं एका बंद पडलेल्या छोट्या टीव्हीचं. लग्न लागलं, पेटीचा पहिला दिवा हिरवा झाला. मला कबूल करायला लाज वाटत नाही, मी साखर ठेवली.

पुढचं काम रीसेट. पाठीमागे एक सुईएवढं भोक असतं, त्यात काहीतरी खुपसून दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे पेटी आपलं पूर्वायुष्य विसरते. काहीतरी म्हणजे काय, हे पेटीवर लिहिलेलं नसतं. देवघरात उदबत्तीची काडी होती. ती बरोब्बर बसली, मी 'एक' म्हणालो, आणि ती आत मोडली. मग ती काढायला चिमटा, चिमट्याला बॅटरी, बॅटरी धरायला ही. तिनं बॅटरी माझ्या हातात दिली, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, काडीचा तुकडा एका झटक्यात बाहेर काढला आणि त्याच पिनेनं बटण दाबून धरलं. "मोजा," म्हणाली. मी दहापर्यंत मोजलं. एकदा सगळे दिवे विझले आणि एकदम लागले. साठीच्या घरातल्या माणसाला असं एखादं भोक असतं तर, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण पिन हिच्याच हातात असणार, म्हणून तो तिथंच सोडला.

लॅपटॉप केबलनं जोडला, पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ लिहिलं. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. घराला कुलूप लावून किल्ली कुलपातच ठेवण्याचा हा प्रकार. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमनं जगभर असल्याच, कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेल्या पेट्या आणि कॅमेरे लाखांनी ताब्यात घेतले होते. तेव्हा पासवर्ड तेवढा मी लगेच बदलला आणि एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पेटीलाच चिकटवली. मुलानं नंतर त्यावर मत दिलं. ते इथं नको.

हा १९२.१६८ प्रकार मला फार आवडला. १९९०च्या दशकात इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी क्रमांकांच्या काही रांगा केवळ खासगी वापरासाठी राखून ठेवल्या, त्यांतली ही एक. हे क्रमांक उंबऱ्याच्या आत चालतात, बाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. प्रत्येक घरात एक दादा असतो, एक ताई असते, एक बाळ असतो. कुठल्याही घराच्या अंगणातून 'दादा' अशी हाक मारली तर एकच जण ओ देतो. चौकात मारली तर पन्नास माना वळतात. बाहेर म्हणून दुसरं नाव लागतं, रेशनकार्डावरचं. आमच्या फोनची ही घरातली नावं आणि नावं ठेवणारा राउटर, म्हणजे आत्याबाई.

*

आता खालून वर वायर न्यायची. जिन्याच्या खिडकीतून, जुन्या टेलिफोनच्या तारेच्याच खिळ्यांवरून वीस मीटर लागली. ही वायर शंभर मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते, त्यामुळे अंतराची भीती नव्हती. भीती होती टोकांची. टोकाला जो पारदर्शक खोका बसवतात, त्यात आठ रंगीत तारा ठरावीक क्रमानंच जाव्या लागतात. दुकानदारानं बसवून देतो म्हणून सांगितलं होतं. पण मी म्हटलं, पस्तीस वर्षं क्रमानं कागद लावलेत, आठ तारा काय लावता येणार नाहीत? क्रिम्पिंगची पकड शेजारच्या अकरावीतल्या पोरानं आणून दिली.

क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. नारिंगी जोडपं शेजारी, तपकिरी जोडपं शेजारी, निळं जोडपं मधोमध. हिरव्यांची मात्र फाटाफूट, एक निळ्यांच्या अलीकडे, एक पलीकडे. हे कुणी केलं म्हणून मी चिडलो होतो, पण कारण कळल्यावर गप्प झालो. मधल्या दोन जागा टेलिफोनच्या. टेलिफोनची जोडी कायम मधोमध बसायची, म्हणून पुढे आठ तारांची खुर्ची झाली तरी मधली दोन आसनं त्याच मानकऱ्याच्या नावे राहिली. टेलिफोन आला नाही तरी पाट मांडलेला.

आणखी एक. आमच्या मोडेमसारख्या शंभर एमबीपीएसच्या जुन्या पेट्यांत या आठपैकी फक्त चारच तारा काम करतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. उरलेल्या चार नुसत्या हजर. हे वाचल्यावर मला आमच्या कचेरीची इतकी तीव्र आठवण झाली, की मी तारा खाली ठेवून पाणी प्यायलो.

तीन खोके वाया गेल्यावर चौथा बसला. एक टोक खालच्या फायबरच्या पेटीत, दुसरं वर मोडेमच्या पिवळ्या भोकात. करड्या, बारक्या भोकात नाही. ते डीएसएलचं, त्यात हे टोक जातच नाही. दिवा लागला. मी माडीवरून ओरडलो, "आलं!"

खालून आवाज आला, "गेलं!"

हिची मालिका ऐन प्रसंगात थांबली होती. नायिकेच्या हातातला दुधाचा पेला ओठांपाशी, दुधात काय आहे ते आम्हाला माहीत, तिला नाही, आणि मध्ये गोल फिरणारं चक्र. माझा फोन चालू होता, हिचा बंद. पाच मिनिटांनी हिचा चालू, माझा बंद. 'कनेक्टेड' सगळीकडे लिहिलेलं, इंटरनेट कुठंच नाही.

दुखणं काय, ते मात्र मी लगेच ओळखलं. कचेरीत एकदा असं झालं होतं. आवकचा मुख्य कारकून महिन्याच्या रजेवर गेला म्हणून त्याचं काम मला दिलं. तो पंधराव्याच दिवशी, कुणाला न सांगता परतला आणि आपल्या टेबलावर बसून आपल्या वहीत क्रमांक द्यायला लागला. मी माझ्या वहीत देत होतोच. चार दिवसांत एका क्रमांकाची दोन-दोन पत्रं झाली. ४१७ क्रमांकाखाली एका मास्तरांची बदली आणि एका विहिरीचं अनुदान. मास्तर विहिरीवर रुजू व्हायचेच राहिले होते.

आमच्या घरात तेच झालं होतं. घरातल्या उपकरणांना क्रमांक देण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. खालची फायबरची पेटी ते करत होतीच. वरचा मोडेमही रजेवरून परतला आणि त्यानं वही उघडली. वर दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच, १९२.१६८.१.१. बिचारे फोन ज्याची हाक आधी ऐकू येईल त्याच्याकडे जात होते. जे मोडेमकडे गेले त्यांना तो मोठ्या आत्मविश्वासानं सांगत होता, 'बाहेर जायचंय? माझ्याकडून जा.' आणि त्याची बाहेरची तार तर फायबरवाल्या पोरानं गुंडाळून माझ्या हातात दिलेली.

*

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "मेनूत बघा, वायरलेस राउटर मोड असं काही आहे का? काही मॉडेलांत असतं." होतं. त्यात पिवळ्या चार भोकांपैकी चौथं भोक बाहेरचं दार बनतं. तांब्याऐवजी तिथून इंटरनेट आत घ्यायचं, आणि बाकी राउटर आपला राउटर. फक्त वरच्या मजल्याला वेगळी मालिका द्यायची, १९२.१६८.२. खाली 'एक'चं घराणं, वर 'दोन'चं.

पत्ता बदलून 'सेव्ह' दाबलं आणि पडदा गोठला. मी पंधरा मिनिटं त्याच्याकडे पाहत बसलो. मग लक्षात आलं, साहेबांची बदली झाली, आदेश निघाला, ते नव्या टेबलावर रुजूसुद्धा झाले, आणि मी जुन्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभा आहे. नव्या पत्त्यावर गेलो, तर पेटी शांतपणे बसलेली होती.

मग नाव. इंग्रजी अक्षरांत लिहायचं होतं. मी सरळ 'माडी' लिहिलं. जागेचं नाव, घोळ नको. सुरक्षेला डब्ल्यूपीए-टू निवडलं, वाहिनी अकरावी. खालची पेटी पहिलीवर होती. पहिली, सहावी आणि अकरावी या तीन एकमेकींच्या अंगणात पाय टाकत नाहीत. माडीच्या कोपऱ्यात फोन धरला, पाचही काड्या. वेग तीस-पस्तीस एमबीपीएस. चौदा वर्षांच्या पेटीला आणखी काय मागायचं? अत्यंत समाधानानं झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा अकरावीतला पोरगा फाटकापाशी. "काका, तुमच्याकडे माडी मिळते, असं फोनवर दाखवतंय. किती वाजेपर्यंत चालू असते?" त्याच्या मागे त्याचे वडील, हसू दाबत. सरकारमान्य ताडी-माडी केंद्राची पाटी ज्या माणसानं आयुष्यात वाचून सोडून दिली, त्याच्या घरातून आता ती आसपासच्या प्रत्येक फोनवर झळकत होती. सोबत कुलपाचं चित्र, म्हणजे परवाना आमच्यापुरताच. मी नाव बदलून 'वरचा मजला' केलं. हिला तेही आवडलं नाही. काय काय अर्थ निघतात, ते तुम्हाला कळावं.

*

मुलं आली. पहिले दोन दिवस माडी म्हणजे पुण्याची कचेरी. वरून 'यू आर ऑन म्यूट' असे आवाज, खालून आरती. मी दर तासाला वर जाऊन पेटीचे दिवे पाहून येत होतो. सून म्हणाली, "बाबा, मस्त चाललंय." मी मुलाकडे पाहिलं. मेशचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या दिवशी हिनं सुनेला सांगितलं, आरत्या मोठ्या टायपात छापून दे, सगळ्यांचे चष्मे वेगवेगळे आहेत. सुनेनं वर बसून छान टाइप केल्या. प्रिंटर खाली ओटीवर, वायफायवर चालणारा. थोड्या वेळानं ती जिन्यातून डोकावली.

"आई, खालचा प्रिंटर वरून दिसत नाहीये."

"वरून कसा दिसेल? खाली ये."

"तसं नाही, लॅपटॉपला दिसत नाहीये."

ही माझ्याकडे वळली. मी समजावून सांगायला लागलो आणि तिथंच फसलो. म्हटलं, वरचे फोन आणि लॅपटॉप 'दोन'च्या घराण्यातले, खालचा प्रिंटर आणि टीव्ही 'एक'च्या. मधे मोडेम दार लावून बसलाय. वरच्यांना बाहेरचं जग दिसतं, अमेरिका दिसते, पण खालचा प्रिंटर हाकेच्या अंतरावर असून त्याला शोधायला मारलेली हाक खाली पोचत नाही.

ही दोन क्षण काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही माडीवर वेगळी चूल मांडलीत."

"अगं, तसं नाही..."

"वेगळं दार, वेगळी नावं, वेगळा कारभार. खालचं वरून दिसत नाही. मग वेगळी चूल म्हणजे आणखी काय असतं? या घरात सून येऊन दोन वर्षं झाली, एकदा आवाज वर गेला नाही आमचा. आणि तुम्ही एका दुपारी वायर ओढून घर फोडलंत!"

सून तोंडावर पदर नाही म्हणून ओढणी धरून हसत होती. मुलगा जिन्यात बसून पोट धरून हसत होता. मी एकटा अपराधी चेहऱ्यानं पेटीकडे पाहत होतो. तिच्यासाठी केवढी खटपट केली, अडॅप्टर शोधला, दुसऱ्यांदा नोकरीला लावली, आणि तिनं काय केलं तर वाटणी.

"मग आता काय करायचं?" मी मुलाला विचारलं.

"डीएचसीपी बंद करायचा, बाबा. वही खालच्याकडेच ठेवायची. मोडेमला खालच्याच घराण्यातला पत्ता द्यायचा, एक पॉइंट दोन. आणि वायर चौथ्या भोकातून काढून पहिल्यात."

"म्हणजे मग तो राउटर राहणार नाही?"

"नाही. ना मोडेम, ना राउटर. नुसता ॲक्सेस पॉइंट. खालून आलं ते वर द्यायचं, वरून आलं ते खाली."

मी थोडा वेळ गप्प होतो. आधी दुभाषेपण गेलं, आता कारकुनीही गेली. उरली शिपाईगिरी. पण मग आठवलं, आमच्याकडे तृतीय श्रेणीचा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि शिपाई साठाव्या. म्हणजे पदावनतीत दोन वर्षं वाढली. हे मी मुलाला सांगितलं. त्याला ते फारसं विनोदी वाटलं नाही. त्याची नोकरी खासगी आहे.

हे सगळं ऐकत असलेली ही म्हणाली, "एक मिनिट. म्हणजे आता तो कुणाला नंबर द्यायचा नाही, कुणाला कुठून जायचं ते सांगायचा नाही, मध्ये बोलायचा नाही. नुसतं इकडचं तिकडे पोचवायचं?"

"हो."

"आणि घर नीट चालेल?"

"आणखी चांगलं चालेल, आई," मुलगा म्हणाला.

हिनं माझ्याकडे पाहिलं. काहीच म्हणाली नाही. निवृत्तीनंतर मी फोडणीत हिंगाआधी मोहरी की मोहरीआधी हिंग यावर नोंद ठेवायला सुरुवात केली होती, वाण्याच्या यादीला जावक क्रमांक घातला होता आणि भांडीवालीला येण्याची वेळ लेखी दिली होती. त्यांतलं काहीही ती त्या वेळी म्हणाली नाही.

मी लॅपटॉप उघडला. नवीन पत्ता दिला. शेवटी डीएचसीपीसमोरच्या चौकोनातली खूण काढली. खाली प्रिंटरनं कागद ओढल्याचा आवाज आला आणि पहिली आरती बाहेर पडली, एवढ्या मोठ्या टायपात, की एका पानावर दोनच कडवी मावली.

वायफायचं नावही खालच्यासारखंच करून टाकलं, पासवर्डही तोच. आता फोन जिना चढताना खालची पेटी सोडून वरची आपोआप धरतो. म्हणजे धरायला हवा. माझा फोन चिवट आहे. माडीवर आला तरी खालच्या अर्ध्या काडीला लोंबकळत राहतो, निघतो निघतो म्हणून दारात तासभर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. त्याला एकदा बंद करून चालू केलं की येतो वर.

रात्री सून म्हणाली, "बाबा, एक छोटी गोष्ट. त्या पेटीचा एक दिवा सारखा लुकलुकतो. अंधारात डोळ्यावर येतो." मी पाहायला गेलो. तो डीएसएलचा दिवा होता. करड्या भोकात काही नाही, तार काढून इतकी वर्षं झाली, तरी तो आपला शोधत होता. दोनदा लुकलुक, जरा थांबायचा, पुन्हा दोनदा. तो बंद करायचा पर्याय मी मेनूत खूप शोधला. नव्हता.

ही मागून आली. आरशावर एक जुनी टिकली चिकटवलेली होती, ती काढली आणि दिव्यावर दाबून बसवली.

"झोपा आता," म्हणाली. "आणि अहो, जाताना हे तांब्याभांडं खाली न्या. आणि येताना त्यांच्यासाठी पांघरूण आणा."

मी तांब्याभांडं घेऊन खाली गेलो आणि पांघरूण घेऊन वर आलो.